समाईक डेस्कटॉपची वाटचाल

माझ्याकडे आठ ओळींची एक फाइल आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह आणि त्यापुढे बारा अंक-अक्षरे. दुसरे काही नाही. फाइलचे नाव ‘जांभूळ’. १९९९ साली पुण्यातल्या एका कार्यालयात सन कंपनीच्या अल्ट्रा १० या वर्कस्टेशनवर मी ती तयार केली होती. डेस्कटॉपचे रूप बदलणारा स्टाइल मॅनेजर उघडायचा, रंगांच्या चित्रावर टिचकी मारायची, तयार रंगसंचांपैकी एकाची प्रत घ्यायची आणि एकेक रंग हवा तसा सरकवत न्यायचा. पडद्यावर कुठेही दिसणारा रंग नेमका उचलून घेण्याचीही सोय होती. जेवणाच्या सुटीत दोन-तीन दिवस खपून मी जांभळ्याच्या आठ छटा जुळवल्या. खिडक्यांच्या कडा, मेन्यू, खालची पट्टी असे सगळे एकदम जांभळे झाले, तेव्हा शेजारचा सहकारी आपली खुर्ची ओढत आला आणि म्हणाला, “ही फाइल मलाही दे.”

गेल्या वर्षी तीच फाइल मी लिनक्सच्या लॅपटॉपवर एनएससीडीई नावाच्या डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये ठेवली. एक अक्षरही बदलावे लागले नाही. यादीत ‘जांभूळ’ दिसले, निवडले, आणि रंग फायरफॉक्सच्या मेन्यूपर्यंत जाऊन पोहोचला. मूळ फाइल लिहिली तेव्हा फायरफॉक्स जन्मालाही आला नव्हता.

हे घडू शकले त्यामागे मोठी वाटचाल आहे. त्या अल्ट्रा १० वरच्या मूळ डेस्कटॉपचे नाव कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सीडीई. आपल्याकडे दोन-चार खातेदारांच्या मालकीच्या विहिरीला ‘समाईक विहीर’ म्हणतात, त्या अर्थाने हा समाईक डेस्कटॉप. एकमेकांच्या बांधावर उभे राहून भांडणाऱ्यांनी एकत्र येऊन खणलेली ती विहीर होती.

भांडणाचे मूळ एका चांगल्या तत्त्वात होते. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एक्स विंडो प्रणालीचे काम सुरू झाले आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. पडद्यावर खिडकी काढण्याचे साधन आम्ही देऊ, ती खिडकी कशी दिसावी आणि कशी वागावी हे ठरवणार नाही, अशी एक्सच्या कर्त्यांची भूमिका होती. साधन सगळ्यांचे, रीत ज्याची त्याची. झाले असे की प्रत्येक युनिक्स विक्रेत्याने आपली रीत वेगळी केली. १९८८ मध्ये एटी अँड टी आणि सन यांच्या जवळिकीला शह देण्यासाठी आयबीएम, एचपी, डिजिटल आदी कंपन्यांनी ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. या गटाने आपली रीत म्हणून मोटिफ आणले. त्याच्या बटणांना उठाव होता, कडा कोरीव. सन आणि एटी अँड टी यांच्या गोटात ओपन लूक होते. त्याची बटणे गोलसर, आणि मेन्यूला टाचणी लावून तो पडद्यावर तसाच ठेवता येई. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याला एकच काम दोनदा करावे लागे, आणि एचपीच्या टेबलावरून उठून सनच्या टेबलावर बसणाऱ्याला नव्याने मुळाक्षरे गिरवावी लागत. युनिक्सची ती सगळी भावंडे आतून एकच होती, बाहेरून मात्र ओळख देत नव्हती.

१९९३ च्या मार्चमध्ये सहा कंपन्यांनी समेट जाहीर केला: एचपी, आयबीएम, सन, एससीओ, युनिव्हेल आणि युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज. समोर मायक्रोसॉफ्टचे विंडोज एनटी येऊ घातले होते, आणि त्याच वर्षी जुलैत ते आलेही. दारात संकट आल्यावर घरातली भांडणे मिटतात, तसे ते झाले. या समेटातून जो डेस्कटॉप करायचे ठरले तो सीडीई.

त्याची घडण मला फार आवडते, कारण सहांपैकी चार कंपन्यांनी आपापल्या घरातली चांगली वस्तू आणून दिली. एचपीने आपला व्ह्यू हा डेस्कटॉप दिला. आज सीडीई म्हणून जो चेहरा आपण ओळखतो, तो बराचसा त्याचाच. आयबीएमने ‘कॉमन यूजर अ‍ॅक्सेस’ हे वापराचे नियम आणि वर्कप्लेस शेलमागचा विचार दिला. सनने प्रोग्रामांना एकमेकांशी बोलायला लावणारे टूलटॉक दिले, शिवाय टपाल आणि कॅलेंडर यांसारखी आपल्या डेस्कसेटमधली अवजारे. युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजने आपल्या डेस्कटॉप मॅनेजरचे भाग दिले. पाया मोटिफचा ठरला. म्हणजे सनने ओपन लूकवर पाणी सोडले. एखाद्या कंपनीने वर्षानुवर्षे जपलेली, जाहिराती करून लोकांच्या हातात दिलेली रीत समाईक कामासाठी बाजूला ठेवणे ही लहान गोष्ट नाही. संगणकाच्या इतिहासात असा त्याग विरळा, आणि त्याची पुरेशी नोंद घेतली जात नाही असे मला वाटते.

१९९५ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली. एक्स/ओपन या मानक संस्थेने तिची विनिर्देश-पुस्तके काढली. दोन्ही गोटांच्या संघटना १९९४ मध्येच एक झाल्या होत्या. १९९६ मध्ये त्यांची आणि एक्स/ओपनची मिळून ‘द ओपन ग्रुप’ ही संस्था उभी राहिली आणि सीडीई तिच्याकडे आला. १९९७ च्या फेब्रुवारीत २.१ ही आवृत्ती आली. त्याच वर्षी सोलारिस या सनच्या युनिक्सच्या २.६ आवृत्तीबरोबर ग्राहकांसमोर सीडीई हाच नेहमीचा डेस्कटॉप म्हणून उभा राहिला. एचपी-यूएक्स, आयबीएमचे एआयएक्स, डिजिटल युनिक्स, इतकेच काय, युनिक्स नसलेले ओपनव्हीएमएस, सगळीकडे खाली तीच राखाडी पट्टी दिसू लागली. ‘युनिक्स ९८ वर्कस्टेशन’ हे प्रमाणपत्र हवे असेल तर सीडीई असणे सक्तीचे झाले.

आमच्या पुण्यातही १९९८ साली सी-डॅकने परम १०००० हा महासंगणक उभारला, तो सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर. शहरात तेव्हा सोलारिस शिकणाऱ्यांची एक पिढीच तयार होत होती. माझ्यासारख्या अनेकांनी युनिक्सचे पहिले दर्शन घेतले ते या राखाडी पट्टीतून.

त्या पट्टीविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. तिचे नाव फ्रंट पॅनेल. पडद्याच्या तळाशी मधोमध ती बसे. डावीकडे घड्याळ, त्याच्या शेजारी आजची तारीख दाखवणारे कॅलेंडर, मग फाइलींचे कपाट, टेक्स्ट एडिटर, टपाल. मधोमध चार बटणे: एक, दोन, तीन, चार. ही चार कार्यस्थळे, म्हणजे एकाच पडद्यावर चार वेगळी टेबले. त्यांना नावे देता येत. मी पहिल्याला ‘कोड’ आणि चौथ्याला ‘घर’ असे नाव दिले होते. कार्यस्थळांच्या बाजूला कुलपाचे बटण, बाहेर पडण्याचे बटण आणि काम चालू असल्याचे लुकलुकून सांगणारा छोटा दिवा. उजवीकडे प्रिंटर, स्टाइल मॅनेजर, प्रोग्रामांची खोली, मदत आणि कचऱ्याची टोपली. चित्रांच्या डोक्यावर बारीक बाण असे. तो दाबला की मिसळणाच्या डब्यातून वाट्या वर याव्यात तसा एक उभा खण सरसर वर येई. फाइल उचलून प्रिंटरच्या चित्रावर सोडली की ती छापली जाई. खिडकी लहान केली की ती चित्र होऊन पडद्यावर बसे. खाली नावांची रांग लागत नसे. बाहेर पडताना ‘आहे तसे’ परत यायचे की आपल्या ठरावीक ‘घरच्या’ मांडणीत यायचे हे आपणच ठरवायचे. सकाळी आल्यावर कालच्या खिडक्या कालच्याच जागी उघडत.

रंगांचे गणित तर फार सुंदर होते. त्या काळच्या बहुतेक पडद्यांवर एका वेळी २५६ रंगच मावत. एखाद्या प्रोग्रामने अधाशीपणाने बरेचसे घेतले तर बाकीच्यांचे रंग भलतेच होऊन बसत. सीडीईने ठरवले, एका रंगसंचात आठच मूळ रंग. प्रत्येक मूळ रंगावरून मोटिफ चार आणखी रंग मोजून काढी: वरच्या कडेचा उजेड, खालच्या कडेची सावली, दाबलेल्या बटणाचा रंग आणि अक्षरांचा रंग. आठ पंचे चाळीस. चाळीस रंगांत सगळा संसार, आणि उरलेले दोनशेहून अधिक प्रोग्रामांना मोकळे. पहिला रंग चालू खिडकीचा, दुसरा मागे पडलेल्या खिडक्यांचा, असा वाटा ठरलेला. माझ्या ‘जांभूळ’च्या आठ ओळी म्हणजे हेच आठ मूळ रंग. काटकसरीतून आलेली ती शिस्त होती, आणि म्हणूनच सगळा पडदा एका हातचा वाटे.

दुसरी गोष्ट उघडेपणाची. सीडीईत ‘क्रिया’ आणि फ्रंट पॅनेलची रचना साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असे. कोणत्या प्रकारच्या फाइलला कोणते चित्र, दोनदा टिचकी मारल्यावर काय घडावे, हे चार ओळींत लिहून आपल्या ‘टिंब-डीटी’ या खासगी फोल्डरमध्ये ठेवायचे, की झाले. कॉर्न शेलचाच एक अवतार बरोबर येई, त्यात शेलच्या ओळी लिहून मोटिफच्या खिडक्या उघडता येत. कंपनीच्या मूळ प्रोग्रामाला कुलूप असले तरी त्याच्याभोवतीचे अंगण आपले होते.

मात्र कुलूप होतेच, आणि तेच पुढे अंगाशी आले. सीडीई वापरायचा तर परवाना घ्यावा लागे. रेड हॅट लिनक्सवर ट्रायटील या कंपनीने तो विकून पाहिला, पण लिनक्सच्या जगात पैसे मोजून डेस्कटॉप घेणारे थोडे. १९९६ मध्ये ऑलिव्हिए फूर्दां या तरुणाने सीडीईसारखा दिसणारा एक्सएफसीई सुरू केला. त्याच वर्षी मॅथियास एट्रिख यांनी केडीईची घोषणा केली, आणि ते नावही सीडीईवरूनच बेतलेले. १९९७ मध्ये ग्नोम सुरू झाला. हे तिन्ही डेस्कटॉप-प्रकल्प रोज बदलत होते. सीडीई जागच्या जागी होता. माझ्या मते त्याचे कारण करारातच होते: समाईक विहिरीचा काठ बांधायचा तर सगळ्या खातेदारांची सही लागते, आणि स्वतःच्या खिशातून दुसऱ्यासाठी काठ बांधायला कोणी पुढे येत नाही. ज्या समेटाने सीडीई घडवला, त्याच समेटाने त्याची वाढ थांबवली.

त्यात सुरक्षेची दुखणी. टूलटॉकचा डेटाबेस सर्व्हर, कॅलेंडरचा सर्व्हर, दूरच्या यंत्रावरून प्रोग्राम चालू करणारी सेवा, हे सगळे ऑफिसातल्या विश्वासू जाळ्यासाठी लिहिलेले. इंटरनेटच्या उघड्या रस्त्यावर ते टिकले नाहीत. १९९८ पासून त्यांत एकामागून एक भगदाडे सापडत गेली. २००१ मध्ये त्या दूरच्या सेवेबद्दल सर्ट या संस्थेने इशारा काढला, आणि त्यानंतर जाणते व्यवस्थापक यंत्र बसवताना आधी या सेवा बंद करत.

२००० मध्ये सन आणि एचपी यांनी ग्नोमच्या बाजूने कौल दिला. २००५ च्या सोलारिस १० मध्ये दोन्ही डेस्कटॉप शेजारी शेजारी होते. २०११ च्या सोलारिस ११ मध्ये सीडीई उरला नाही.

पण त्याला विसरायला तयार नसलेली माणसे होती. २००६ मध्ये सीडीई आणि मोटिफ यांचा मूळ कोड खुला करावा अशी मागणी करणारा अर्ज द ओपन ग्रुपसाठी तयार झाला. सहा वर्षे गेली. २०१२ च्या ६ ऑगस्टला सीडीईचा कोड एलजीपीएल परवान्याखाली खुला झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटिफही. ज्या माणसांनी हा पाठपुरावा केला त्यांना त्यातून एक पैसाही मिळणार नव्हता. त्यानंतर स्वयंसेवकांनी जे केले ते जीर्णोद्धाराचे काम आहे. ३२ बिटांच्या काळात लिहिलेला कोड ६४ बिटांच्या यंत्रांवर ठोकरा खात होता, तो सरळ केला. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी अशा प्रणालींवर तो बांधता येईल असे केले. इमेक ही जुनी बांधणीची पद्धत काढून ऑटोटूल्स आणली. आज हा मूळ सीडीई तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर चालतो. प्रतिमा म्हणून नाही, खरोखरचा.

दुसऱ्या वाटेने आला तो एनएससीडीई. पूर्ण नावाचा अर्थ ‘तितकासा समाईक नसलेला डेस्कटॉप’. २०१९ मध्ये तो लोकांपुढे आला. त्याने सीडीईचा कोड घेतला नाही. पाया घेतला एफव्हीडब्ल्यूएम या खिडकी-व्यवस्थापकाचा, जो रॉबर्ट नेशन यांनी १९९३ मध्ये, म्हणजे समेटाच्याच वर्षी, कमी मेमरीत चालावा म्हणून लिहिला होता. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांपैकी एक मोठ्या कंपन्यांच्या मांडीवर वाढला, दुसरा एकेका हौशी माणसाच्या हातून. आणि पहिल्याचे रूप दुसऱ्याच्या खांद्यावर बसून परत आले. एफव्हीडब्ल्यूएमच्या जोडीला कॉर्न शेल, पायथन आणि थोडी सी भाषा वापरून फ्रंट पॅनेल, स्टाइल मॅनेजर, वर येणारे खण, सगळे नव्याने घडवले आहे.

दोन्ही मी महिनाभर आलटून पालटून वापरले. पहिल्या नजरेला फरक कळत नाही. तीच उठावदार कड, तोच दिवा. फरक कळतो तो काम सुरू केल्यावर.

मूळ सीडीई म्हणजे एकत्र कुटुंब. फाइलींचे कपाट, टपाल, कॅलेंडर, टर्मिनल, मदतीची पुस्तके, चित्रे काढायचा छोटा एडिटर, सगळी एकाच घरची. फाइल प्रिंटरवर सोडली की काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक. पण बाहेरचा पाहुणा आला की घर अवघडते. आजचा ब्राउझर त्याच्या रंगसंचाला जुमानत नाही. जुन्या ठिपक्यांच्या अक्षरांमुळे आजच्या दाट पडद्यावर नावे मुंगीएवढी दिसतात. आणि आपल्या दृष्टीने मोठी अडचण म्हणजे फाइलला देवनागरीत नाव दिले तर कपाटात ते धड उमटत नाही. मी ‘दुरुस्ती’ नावाची फाइल ठेवली होती, ती ओळखायला मला तारीख पाहावी लागली.

एनएससीडीई हे कुटुंब नाही, घर आहे. त्याचे स्वतःचे कपाट नाही, स्वतःचे टपाल नाही; तुम्हाला आवडेल तो फाइल मॅनेजर आणि टर्मिनल आणून ठेवा. ‘दुरुस्ती’ तिथे नीट वाचता येते, कारण ती दाखवणारा प्रोग्राम आजचा आहे. रंगसंच निवडला की एनएससीडीई जीटीके आणि क्यूटी या दोन्ही आधुनिक अवजारपेट्यांसाठी त्याच रंगांची सजावट लिहून काढतो. म्हणून ‘जांभूळ’ फायरफॉक्सपर्यंत गेले. प्रत्येक कार्यस्थळाची आणखी पाने करता येतात, एकाहून अधिक पडदे जोडता येतात, अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. मात्र त्या प्रिंटरच्या चित्रापाशी फाइल घेऊन गेलो, तेव्हा जुना एकजीवपणा मला सापडला नाही. पट्टी एका घरची आणि कपाट दुसऱ्या घरचे असले की असेच होणार.

रोजच्या कामासाठी कोणता, असे विचाराल तर एनएससीडीई. सीडीईच्या मनात जे होते, म्हणजे कोणाचाही प्रोग्राम असो, पडदा एका हातचा दिसावा, ते या नव्या कृतीने मूळ कृतीपेक्षाही नेटाने केले आहे. पण मूळ सीडीईही बांधलेला, चालता राहिला पाहिजे. टूलटॉकवरचा संवाद, क्रियांची नोंदवही, कॉर्न शेलमधून उघडणाऱ्या मोटिफच्या खिडक्या हे सगळे त्याच्यातच आहे. चार कंपन्यांनी एकत्र बसून एक गोष्ट कशी रचली हे ज्याला शिकायचे आहे, त्याला दुसरीकडे कुठे ते पाहायला मिळणार नाही. नव्या कृतीच्या कर्त्याने रंगसंचांची फाइल जशीच्या तशी वाचण्याची सोय ठेवली, यात मला जुन्यांविषयीचा आदर दिसतो. त्याने स्वतःची नवी पद्धत काढली असती तरी कोणी काही बोलले नसते.

आता एक विनंती. पुणे, मुंबई, नाशिकच्या कंपन्यांत, महाविद्यालयांत, प्रयोगशाळांत सनची आणि एचपीची जुनी वर्कस्टेशने अजून कोपऱ्यात धूळ खात असतील. ती भंगारात काढण्याआधी एकदा चालू करून पाहा. तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये ‘टिंब-डीटी’ आहे का ते बघा आणि त्याची प्रत काढून ठेवा. त्यात ‘पॅलेट्स’ नावाचे फोल्डर असेल तर तुम्ही कधीकाळी जुळवलेले रंग त्यात आहेत, आणि ते आजही चालतात.